कंबर धरणाऱ्याने कुठली गाडी घ्यावी: उंच सीट, लांब सीट की जुन्याच सीटला नवा फोम?

खानापूरचा माझा मेहुणा गेल्या महिन्यात घरी आला, तो खुर्चीत बसलाच नाही. उभ्यानेच चहा घेतला आणि म्हणाला, "भावजी, गाडी बदलायची म्हणतोय. तीन बघून ठेवल्यात. तुम्ही कंबरवाले, तुम्हीच सांगा काय ते."

तीन म्हणजे एक सेकंडहँड स्विफ्ट, एक नवी वॅगन आर आणि त्याच्या मित्राने विकायला काढलेली बोलेरो. त्यात मी चौथी घातली: आहे तीच गाडी ठेव आणि ड्रायव्हरची सीट काढून कुशनवाल्याकडे टाक. हा रोज खानापूरहून बेळगावच्या उद्यमबागेत कामाला येतो-जातो. माझी चक्कर आठवड्यातून एकदा, पण बेळगावहून थेट कोल्हापूरची, म्हणजे एका बाजूला ११० किलोमीटर. दोघांचाही एल४-एल५चा, म्हणजे कमरेच्या तळाचा मणका दुखरा. तरी दोघांना एकच गाडी चालेल असं नाही.

गाडीचं नाव काढायच्या आधी मी त्याला एवढंच विचारलं: दुखतं कधी? बसता-उतरताना, तासभर बसून राहिल्यावर, की खड्ड्यात चाक आपटलं की? ज्याचं जे उत्तर, त्याची गाडी वेगळी.

बसता-उतरताना कळ निघत असेल तर उंच सीट, यावर फारसा वाद नाही. वॅगन आरसारख्या उभट गाडीत दार उघडायचं, पाठमोरं टेकायचं आणि दोन्ही पाय एकदम आत वळवायचे. कंबर पिळली जात नाही. स्विफ्टमध्ये आपण बसत नाही, खाली उतरतो. आणि बाहेर येताना सगळं अंग वाकलेल्या कमरेवर उचलावं लागतं. टेप लावायची गरज नाही. दार उघडून सीटला पाठ करून उभं राहा आणि सीटची कड पायाला कुठे लागते ते बघा. मांडीच्या मध्याशी लागली तर उत्तम, गुडघ्याच्या मागच्या खळगीशी लागली तर ती गाडी कमरेसाठी बुटकी. दिवसातून वीस वेळा चढ-उतार करणारे विमा एजंट किंवा दुकानोदुकानी माल टाकणारे यांनी ही एकच परीक्षा घेतली तरी पुरे.

बोलेरो या बाबतीत उंच आहे म्हणून चांगली, असं बरेच जण समजतात. चढताना पाय उचलून ओढून घ्यावा लागतो आणि उतरताना टाच धाडकन जमिनीवर येते. तो दणका सरळ मणक्यात जातो. उंच हवी, पण आपल्या मांडीपुरती.

बसून बसून दुखणाऱ्यांचा हिशोब वेगळा, आणि मी याच जातीचा. उभट गाडीत आपण शाळेच्या बाकावर बसल्यासारखे ताठ बसतो. अर्धा तास बरं वाटतं. पण बऱ्याच लहान गाड्यांत सीटची गादी आखूड असते, मांडी अधांतरी राहते, भार माकडहाडावर येतो आणि कंबर हळूहळू मागे गोल होत जाते. हत्तरगीचा टोलनाका येईपर्यंत मी स्टिअरिंगला लोंबकळायला लागतो. पाठ अगदी काटकोनात ठेवण्यापेक्षा थोडी मागे, १०० ते ११० अंशांत टेकलेली असली तर चकत्यांवरचा दाब कमी होतो, आणि अशी बैठक पाय पुढे सोडणाऱ्या गाडीत जास्त सहज जमते. म्हणून हायवेवाल्याने स्विफ्टला केवळ बुटकी म्हणून नाव ठेवू नये. गादी पुरेशी लांब आहे का, हे पाठ पूर्ण टेकवून बघायचं: गुडघ्याची मागची बाजू आणि सीटची कड यांत दोन-तीन बोटं जागा हवी. चार-पाच बोटं राहिली तर गादी तुम्हाला आखूड. मी पाच फूट दहा इंच, बायको पाच फूट एक. जी सीट मला अपुरी पडते तीच तिच्या पोटरीला रुतते. शेजाऱ्याच्या शिफारशीवर गाडी घेऊ नये, ती यासाठी.

मॉडेलपेक्षा व्हेरियंटकडे जास्त बघा. दोन पैसे वाचवायला खालचं व्हेरियंट घेतलं की बहुतेक गाड्यांत सीट वर-खाली करायचा खटका जातो, आणि स्टिअरिंग वर-खाली झालं तरी पुढे-मागे होत नाही. मग लांब पायांचा माणूस सीट मागे सारतो, हात पोहोचत नाहीत, पाठ टेकण्यावरून सुटते. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा आणि खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पोहोचायला हवं. या दोन्ही गोष्टी एकदम जमत नसतील तर ती गाडी तुमच्या मापाची नाही. कितीही सूट मिळो. छाती आणि स्टिअरिंग यांत वीतभर नाही, चांगलं २५ सेंटीमीटर अंतर हवं, एअरबॅगसाठी.

तिसरी जात हादऱ्यांची. इथे बोलेरोबद्दल फार बोलायला नको: लॅडर चेसिस, म्हणजे ट्रकसारखा शिडीवजा सांगाडा, आणि मागे पाटे. भार ओढायला केलेली गाडी आहे, रिकामी असली की उसळते. बसलेल्या माणसाच्या मणक्याला सेकंदाला चार ते सहा वेळा वर-खाली होणारी थरथर सगळ्यात जास्त जाचते. खानापूर तालुक्यातल्या आडगावांना जायचं तर तिला तोड नाही, पण ते काम निरोगी कमरेच्या माणसाने करावं. मागच्या आडव्या बाकड्यांवर तर कंबरदुखीवाल्याने पाहुणा म्हणूनही बसू नये. आणि कुठलीही गाडी असो, टायरची हवा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याइतकीच. पंपवाल्याला "भर जरा जास्त" म्हटलं की प्रत्येक गतिरोधक कमरेत मोजावा लागतो. ऊस हंगामात रायबाग-चिक्कोडीकडे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर आणि मागून आपले कचाकच ब्रेक. त्यावर कुठलीच सीट उपाय नाही.

आता चौथा पर्याय, ज्याला मेहुणा हसला. मीही एके काळी हसलो होतो. मग एका कुशनवाल्याकडे गेलो. गाडीतून मी उतरताना बघूनच तो कन्नडमध्ये म्हणाला, "टोंक हिडदैतेनु?" कंबर धरलीय का! त्याने ड्रायव्हरच्या सीटवर मूठ दाबली, मग शेजारच्या सीटवर, आणि मला म्हणाला, तुम्ही दाबा. फरक लगेच कळला. शेजारची सीट नव्यासारखी, माझी मागच्या कोपऱ्यात पार बसलेली. म्हणजे इतकी वर्षं मी खड्ड्यात बसून गाडी चालवत होतो. सेकंडहँड गाडी बघणाऱ्यांनी ही मूठ-परीक्षा जरूर करावी. किलोमीटरच्या आकड्यापेक्षा फोम जास्त खरं बोलतो.

पहिल्या खेपेला चूक माझीच. मी म्हटलं, मऊ आणि जाड घाल. डोकं छताला टेकायला लागलं, बेल्ट कमरेच्या हाडांवर आडवा यायच्या ऐवजी पोटावर चढला, आणि अर्ध्या तासात तो मऊ फोम चेपून मी होतो तिथेच. दुसऱ्यांदा त्याच्या मनासारखं करू दिलं: खाली कडक रीबॉन्डेड (फोमचे तुकडे दाबून केलेला), वर ४० डेन्सिटीचा पातळ थर, मांडीकडची कड जराशी वर. सगळं मिळून काही हजारांत. एक मात्र बघा. सीटच्या कुशीवर एअरबॅगची चिठ्ठी शिवलेली असेल तर ती बाजू उसवायची नाही आणि तिच्यावर बंद कव्हरही चढवायचं नाही. गादीखाली सेन्सरच्या वायरी असतील तर कंपनीच्या वर्कशॉपला विचारल्याशिवाय हात लावू देऊ नका.

बाजारातल्या तयार कुशनांचं थोडक्यात. मध्ये भोक असलेली गादी माकडहाडाच्या दुखण्याला, कमरेच्या नव्हे. लाकडी मण्यांच्या कव्हराने मे महिन्यात पाठ गार राहते, बाकी आधार शून्य. कमरेचा लोड चांगला, पण बहुतेक जाड असतात. माणूस पुढे ढकलला जातो आणि मान टेकायची उशी लांब राहते. त्याआधी हातपुसण्याचा टॉवेल गुंडाळून पँटच्या पट्ट्याच्या जरा वर ठेवून बघा. आठवडाभर बरं वाटलं तर त्याच जाडीचा लोड घ्या. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढा, ही फुकटची दुरुस्ती.

डावा पाय ओढत असेल, मुंग्या येत असतील, तर सीटच्या बरोबरीने क्लचचा विचार करा. हायवेला क्लच लागतो कुठे? पण खडे बाजारात संध्याकाळी शंभरदा दाबावा लागतो. त्याला ऑटोमॅटिक घेणं ही चैन नाही. पाय बधिर पडू लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मात्र गाडीचा विषय बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर.

कोल्हापूरकडची स्वस्त जुनी गाडी बघणाऱ्यांना एक आडवी सूचना: एमएच-०९ पासिंगची गाडी इकडे कायमची आणायची तर तिकडची एनओसी आणि कर्नाटकचा टॅक्स आला. तो धरून तुलना करा. त्यातून वाचणाऱ्या पैशात वरचं व्हेरियंट येत असेल तर कंबर तुमचे आभार मानेल.

शोरूमची दहा मिनिटांची चक्कर काही कामाची नाही, दहा मिनिटं तर स्टुलावरही बरी जातात. चाळीस मिनिटं मागून घ्या, रोजची चप्पल-बूट घालून, आणि परत आल्यावर उतरताना स्वतःकडे लक्ष द्या. दार धरून उठलात का?

मेहुण्याचं दुखणं उतरतानाचं निघालं, म्हणून बोलेरो आणि स्विफ्ट दोन्ही सध्या बाजूला. वॅगन आर की जुन्याच सीटला नवा फोम, यावर घोडं अडलंय. रविवारी तो वॅगन आर घेऊन जांबोटीपर्यंत जाऊन येणार आहे. गुंडाळलेला टॉवेल मी त्याच्याकडे आताच देऊन ठेवलाय.