मासे मरत गेले, दुकान चालत राहिलं

भाजीवाल्याशी दोन रुपयांवरून हुज्जत घालणारी बाई मी. पण रंगीत माशांच्या दुकानात शिरले आणि अक्कल बहुधा बाहेरच चपलांजवळ राहिली.

लेकाचा दहावा वाढदिवस होता. त्याला फिशटँक हवा होता, तोही त्याच दिवशी. ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. दुकानदार साखरेहून गोड. "ताई, तुम्ही फक्त जागा दाखवा, बाकी माझ्यावर सोडा." संध्याकाळी त्याचा पोऱ्या वर्तकनगरला येऊन सगळं लावूनही गेला. साठ लिटरची म्हणून सांगितलेली टाकी, फिल्टर, खडी, प्लास्टिकची झाडं, हीटर, 'बॅक्टेरिया'ची बाटली. ती ओतली की मासे लगेच सोडता येतात म्हणे. मासे म्हणजे चार गोल्डफिश, गुलाबी-निळे सहा टेट्रा आणि 'सगळी घाण खाणारा' एक सकर. 6,850 रुपये. "कॅश दिलीत तर पाचशे कमी करतो," म्हणाला, म्हणून कॅश दिली. पावती म्हणजे कोरा कागद, त्यावर 'फिश आयटम' आणि आकडा.

हीटरपाशी तरी डोकं चालायला हवं होतं. मे महिना, ठाण्यातला उकाडा, मी घामाने निथळतेय आणि पाणी गरम करायचं यंत्र विकत घेतेय. तेही गोल्डफिशसाठी, जो मुळात थंड पाण्यातला मासा!

तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. दुकानात गेले. "ऑक्सिजन कमी पडतोय, ताई." एअर पंप, 450. पाचव्या दिवशी दोन गोल्डफिश मेले. "पाणी खराब झालंय. सगळं बदला, फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुवा, हे निळं औषध टाका." केलं. दोन दिवसांत उरलेले दोन गेले. "पहिले मासे जातातच ताई, सगळ्यांचे जातात," म्हणत त्याने नवे चार दिले. तुमच्यासाठी म्हणून कमी लावले, असंही म्हणाला. मी त्याला थँक्यू म्हटलं. हे लिहितानाही लाज वाटतेय. महिन्याभरात खर्च अकरा हजारांच्या वर गेला आणि लेक रोज सकाळी उठून आधी मासे मोजायला लागला.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकांना बोलावलं. ते गॅलरीत टबात गप्पी पाळतात. त्यांनी टाकीतलं थोडं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात अमोनिया तपासायचे थेंब टाकले. पिवळं राहायला हवं होतं ते पाणी हिरवंगार झालं. "अगं, मासे आपल्याच घाणीत गुदमरतायत," ते म्हणाले. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, ते त्या मानाने निरुपद्रवी. हे जिवाणू खडीत आणि फिल्टरच्या स्पंजात वसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे जातात. मी काय केलं होतं? नळाच्या क्लोरीनच्या पाण्याने स्पंज धुऊन आणि निळं औषध ओतून, जे काही जमत होतं तेही मारलं होतं. दुकानदाराच्या सांगण्यावरून, पैसे मोजून.

मग त्यांनी टेप लावली. 18 × 12 × 12 इंच. म्हणजे काठोकाठ भरली तरी जेमतेम 42 लिटर. खडी टाकल्यावर त्याहूनही कमी. एवढ्याशा पाण्यात एक गोल्डफिशसुद्धा मावत नाही, आणि सकर तर फुटाहून मोठा होतो. टेट्रांचा गुलाबी-निळा रंग तोवर फिका पडायला लागला होता. तो जन्माचा नव्हताच. पांढुरक्या माशांना रंग टोचून नाहीतर रंगात बुडवून विकतात. लेकाने विचारलं, "त्यांना दुखलं असेल?" काका काही बोलले नाहीत.

मी तणतणत दुकानात गेले. आता तो थंड होता. "बिल दाखवा." ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार करावी, तर हातात काय होतं? तो 'फिश आयटम'वाला कागद. सकरचं काय करू, असं विचारलं तर म्हणाला, "मोठा झाला की उपवन तलावात सोडून द्या." त्या क्षणी मला पैशांपेक्षा याचा जास्त राग आला. हे सकर बाहेरच्या देशातून आलेले, इथल्या पाण्यात सोडले की तिथल्या माशांच्या मुळावर येतात.

मग काकांच्या टाकीतला जुना स्पंज आमच्या पाण्यात पिळला, रोज चिमूटभर खाणं मासे नसलेल्या टाकीत टाकलं आणि थेंबांची तपासणी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य सांगेपर्यंत थांबलो. पाच आठवडे. येणारा-जाणारा विचारायचा, "मासे कुठायत?" लेक ऐटीत सांगायचा, "अजून जिवाणू पाळतोय." त्यानंतर सहा झेब्रा डॅनिओ आणले. आपल्याच देशातल्या नद्या-ओढ्यांतले, चिवट, घोळक्याने राहणारे. पक्क्या बिलासह, दुसऱ्या दुकानातून.

सकर आता काकांच्या एका मित्राच्या चार फुटी टाकीत आहे. परवा त्यांनी फोटो पाठवला. नऊ इंचांचा झालाय, आणि घाण खाण्यापेक्षा करतोच जास्त.