डार्कटेबलवर बेळगाव-खानापूरचा पावसाळा: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यापासून निसर्गाचे सगळे फोटो मी डार्कटेबलवरच एडिट करतोय. हे फोटो एडिट करायचं सॉफ्टवेअर मोफत आणि ओपन सोर्स आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. पण माझी खरी अट वेगळी होती: फोटो कितीही जोरदार झाला तरी गावातल्या माणसाला ती जागा ओळखू आली पाहिजे. ती अट इथे पाळता येते.

गोकाकचा धबधबा घ्या. घटप्रभा तिथे सुमारे ५२ मीटर खाली कोसळते आणि भर पावसात तिचं पाणी तांबूस, गढूळ असतं. इंटरनेटवर मात्र ते दुधासारखं पांढरं केलेलं दिसतं. झुलत्या पुलावर उभं राहिलेल्या कुणालाही ते पटणार नाही. त्या फोटोचा जोर पाण्याच्या लोंढ्यात आहे, म्हणून मी रंग तसाच ठेवतो आणि टोन इक्वलायझर उघडतो. हे मॉड्यूल उजेडाच्या पातळीप्रमाणे फोटोचे भाग वेगळे धरतं. खडकाच्या सावल्या थोड्या खाली, धारांचा उजळ भाग किंचित वर, एवढ्यानं लोंढ्याला वजन येतं. मात्र आधी त्यातल्या मास्किंगच्या टॅबमध्ये जाऊन हिस्टोग्राम (उजेडाच्या पातळ्यांचा आलेख) नीट पसरवून घ्या. बरेच जण ही पायरी गाळतात, आणि मग स्लायडर हलवूनही मनासारखा परिणाम मिळत नाही.

राजहंसगडावर अडचण उलटी. मागे उजळ ढग, पुढे काळी पडलेली तटबंदी. इथे फोटो रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढलेला हवा. १४ बिट रॉमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पातळ्या असतात, जेपेगमध्ये २५६; सावली उचलताना हा फरक लगेच कळतो. लोकल कॉन्ट्रास्ट (बारीक तपशिलांतला उजेड-सावलीचा फरक) जास्त ओढला की बुरुजाच्या कडेनं पांढरी किनार उमटते. ती दिसली की मी तिथून मागे येतो. ब्रशच्या मास्कनं (मास्क म्हणजे बदल ठरावीक भागापुरताच ठेवणारी निवड) दगड उजळायचा असेल तर ऊन ज्या अंगानं येतंय त्याच अंगाला. दोन्ही बाजूंनी उजळलेला बुरूज कुणालाही खटकतो, कारण सांगता आलं नाही तरी.

कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, धुकं हाच विषय असतो. तिथे धुकं कमी करणारं हेझ रिमूव्हल मी लावतच नाही. ग्रेडियंट मास्क घालून फक्त जवळच्या झाडांना कॉन्ट्रास्ट देतो, लांबचे डोंगर फिके ठेवतो. त्यातूनच खोली येते. भाताच्या शेतांचा हिरवा मात्र बहुतेक वेळा कमीच करावा लागतो. पॅरामेट्रिक मास्कनं तेवढाच रंग निवडून सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) उतरवलं की बांधावरची लाल माती आपोआप उठून दिसते.

मूळ फाइलला धक्का लागत नाही. सगळे बदल शेजारच्या एक्सएमपी फाइलमध्ये राहतात, त्यामुळे रात्री केलेलं काम सकाळी ताज्या नजरेनं पाहून हवं तेवढं मागे घेता येतं. मी प्रत्येक फोटोला हे करतो आणि बहुतेक वेळा आकाश थोडं हलकं करतो.

शिकायला वेळ लागतो, हे स्पष्ट सांगतो. मॉड्यूल पुष्कळ आहेत, नावं बोजड आहेत. फोटो मऊ किंवा धारदार करणारं ‘डिफ्यूज ऑर शार्पन’ तर ग्राफिक्स कार्डाशिवाय फारच हळू चालतं. साध्या लॅपटॉपवर ते शेवटी लावा. सुरुवातीला एक्स्पोजर, सिग्मॉइड (फोटोचा एकूण उजेड-कॉन्ट्रास्ट बसवणारं मॉड्यूल), टोन इक्वलायझर आणि मास्क एवढंच धरलंत तरी पुरे. फक्त मोबाइलचे जेपेग असतील तर एवढा खटाटोप करू नका. रॉ काढत असाल तर जरूर घ्या.