मोनोटाइपचा मोल्ड साफ करायला देताय? आधी हे वाचा

जुन्या मोनोटाइप कास्टरवर, म्हणजे वितळलेल्या धातूतून छपाईची सुटी अक्षरं ओतणाऱ्या यंत्रावर, आजही खिळे (ती सुटी अक्षरं) ओतणारे आपण मोजकेच उरलोय. मोल्ड, म्हणजे खिळा ज्यात ओतला जातो तो साचा, खोलून, धुऊन, परत बसवून देणारा कारागीर तर शोधूनही सापडत नाही. याचाच फायदा घेऊन एक मिस्त्री सध्या छापखान्यांच्या पत्त्यांवर फिरतोय. मला त्याने कसं गंडवलं ते सविस्तर लिहितोय.

माझा मोल्ड बारा पॉइंटचा (पॉइंट म्हणजे खिळ्याच्या आकाराचं माप). आत शिशाचे कण आणि जळक्या तेलाचा चिकटा बसला होता. मिस्त्री म्हणाला, "सर, अख्खी नोकरी मोनोटाइपवर काढली. रॉकेलमध्ये बुडवून ठेवतो, नवा करून देतो." बोलणं जाणकाराचंच होतं. पंप, नॉझल, वेज, सगळं नावानिशी ठाऊक. अर्धे पैसे आगाऊ घेतले, 'स्पेशल तेला'चे वेगळे.

मोल्ड परत आला तो आरशासारखा चकचकीत. घोटाळा इथेच आहे. मोल्डमध्ये दोन ब्लॉकच्या मधून पातं पुढेमागे सरकतं. पात्याची जाडी म्हणजे खिळ्याचा पॉइंट, आणि ते किती मागे सरकतं त्यावर अक्षराची रुंदी ठरते. हे पृष्ठभाग कारखान्यात एकमेकांशी जुळवून घासलेले असतात. त्यांना एमरी पेपर लावला की संपलं. पंप वितळलेला धातू दाबाने आत ढकलतो आणि तो मिळेल त्या फटीत शिरतो.

पहिलीच गॅली (खिळ्यांच्या ओळींचं तबक) ओतली तर खिळ्यांच्या कडेला पातळ पापुद्रे. बारा पॉइंट म्हणजे ०.१६६ इंच, मायक्रोमीटर लावला तर एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला दीड हजारांश जास्त. इंग्रजी मजकुरात एखाद्याच्या नजरेतून हे सुटेलही, पण आपली शिरोरेषा कुठली सोडते? 'महाराष्ट्र' छापला तर डोक्यावरची रेघ पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली. फर्मा (छपाईसाठी चौकटीत बसवलेले खिळे) आवळला की मधले खिळे हलत होते ते वेगळंच.

मग मोल्ड पुन्हा खोलला. तळपट्टीवर माझाच नंबर, पण ब्लॉकवरच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घासून सपाट केलेले. उरलेले आकडे माझ्या नंबराशी जुळत नव्हते. म्हणजे माझे चांगले ब्लॉक काढून घेऊन कुणाचे तरी झिजलेले बसवले आणि झीज दिसू नये म्हणून पॉलिश मारलं. फोन केला तर म्हणतो, "गंज होता सर, तो काढावाच लागतो." गंज नेमका आकड्यांवरच कसा धरला, असं विचारल्यावर फोन बंद.

पोलिस चौकीत हवालदारांनी "साचा म्हणजे इडलीचा का?" असं विचारलं. त्यांचंही बरोबर आहे. ते लोखंडाच्या वजनाने किंमत लावणार, आणि आपल्याला नवा सुटा भाग आणायला बाजारात दुकानच नाही. तक्रार तेवढी नोंदवून घेतली.

मोल्ड द्यायचाच असेल तर तो समोर खोलायला लावा आणि प्रत्येक तुकड्याचा नंबर दिसेल असा फोटो काढा. देण्याआधी दहा-वीस खिळे ओतून बाजूला ठेवा. परत आल्यावर त्यांच्याशीच माप ताडता येतं. साफसफाईला रॉकेल, मऊ ब्रश, पितळी किंवा लाकडी काडी आणि धागे न सुटणारं फडकं पुरतं. कुणी पॉलिश पेपर बाहेर काढला तर तिथेच हात धरा. परत आलेल्या मोल्डचं पातं ब्लॉकमध्ये उजेडासमोर धरून बघा; कडेने प्रकाशाची रेघ दिसली तर उरलेले पैसे देऊ नका. आणि कुणी बारा पॉइंटचे सुटे ब्लॉक विकायला आणले तर तळपट्टी मागा. ती माझ्याकडे आहे.

हा माणूस पन्नाशीचा, बोलायला अतिशय गोड, आणि काम नेहमी "घरी नेऊन करतो" म्हणतो. हल्ली लायनोटाइपचीही (अख्खी ओळ एकसंध ओतणाऱ्या यंत्राची) कामं घेतो, असं कानावर आलंय.