लेबलवर कांचन, फुलल्यावर देवकांचन

रोप हातात पडून दोन दिवस होत नाहीत तोवर 'कसं वाटलं? स्टार द्या' असे मेसेज यायला लागले. झाडाबद्दल दोन दिवसांत काय कप्पाळ सांगणार? मी तीन वर्षं थांबले. गेल्या ऑक्टोबरात पहिलं फूल आलं आणि कळलं, मागवलं होतं एक आणि पाणी घातलं भलत्यालाच.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. खोका उघडला तेव्हा मातीचा गोळा जरासुद्धा फुटला नव्हता. रोप फूटभर उंचीचं, एक पान पिवळं नाही, मुळं पिशवीत गुंडाळी होऊन बसलेली नाहीत. आज ते माझ्या डोक्याच्या वर गेलंय. तब्येतीबद्दल तक्रार शून्य.

तक्रार नावाची आहे. लेबलवर छापलं होतं, 'कांचन, बौहिनिया व्हेरिगाटा'. मला तोच हवा होता. मी रोज फिरायला जाते त्या वाटेवर एक आहे. फेब्रुवारीत त्याची जवळजवळ सगळी पानं गळतात आणि नुसत्या फांद्यांवर गुलाबी-जांभळी फुलं येतात. ते दृश्य मला माझ्या खिडकीतून बघायचं होतं. माझं झाड मात्र दर फेब्रुवारीत ढिम्म. लहान आहे अजून, येतील फुलं, असं म्हणत राहिले.

पानांवरून शंका यायचं कारणच नव्हतं. दोघांचंही पान तेच, दोन पानं कडेला चिकटवल्यासारखं, टोकाला मधोमध खाच. या जोडपानावरूनच तर या वंशाला योहान आणि कास्पार या वनस्पतिशास्त्रज्ञ बौहिन भावांचं नाव मिळालं. पुस्तकाप्रमाणे कांचनाची खाच उथळ, पानाच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. देवकांचनाची खोल, कधी थेट अर्ध्यापर्यंत. वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात माझ्या एकाच फांदीवर एक पान असं नि एक तसं सापडलं. पानावर मी पैज लावणार नाही.

कळी बोटांत फिरवली तेव्हा मात्र काहीतरी लागलं. टोकाकडे उभे कंगोरे होते. वाटेवरच्या कांचनाच्या कळ्या मी कितीदा हाताळल्यात, त्या गुळगुळीत असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी फूल उमललं. फेब्रुवारीत खाली पडलेलं कांचनाचं एक फूल मी वहीत दाबून ठेवलं होतं, तेच काढून शेजारी ठेवलं. वहीतल्या फुलाच्या पाकळ्या रुंद, एकीची कड दुसरीवर चढलेली, आणि एका पाकळीवर गडद रेघांची नक्षी, सुकूनही दिसणारी. माझ्या फुलाच्या पाकळ्या लांबट, देठाकडे निमुळत्या, एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या फटकून. मधून पलीकडचं दिसावं इतकी जागा.

मग पुंकेसर मोजले. खरा निकाल इथे लागतो. पहिल्यांदा माझी मोजणी चुकली, कारण देवकांचनात चांगल्या केसरांच्या बुडाशी धाग्यासारखे बारीक वांझ केसरही असतात आणि मी तेही धरले. ते सोडायचे. परागकोश असलेले, पुढे वाकून वर वळलेले तेवढेच मोजायचे. वहीतल्या फुलात पाच. माझ्या फुलात तीन. आणखी सहा फुलं तपासली, तीनच. म्हणजे हा बौहिनिया पर्प्युरिया, देवकांचन. साधारण सप्टेंबर ते डिसेंबरात फुलणारा, तोही अंगावर पानं असताना. माझ्या खिडकीतून निम्मी फुलं पानांआडच राहतात.

मधे एक वेडी आशाही वाटून गेली. या दोघांचा एक संकर आहे, बौहिनिया ब्लेकियाना. हाँगकाँगच्या झेंड्यावरचं फूल ते. तो शरदापासूनच फुलायला लागतो, म्हणून वाटलं, चुकून तोच तर नाही ना आला? पण त्याला केसर साधारण पाच, आणि बी धरत नसल्यानं तो कलमानंच वाढवावा लागतो. माझ्या झाडाला पुढे वीतभर लांबीच्या चपट्या शेंगा लोंबल्या. विषय संपला.

'रक्तकांचन' हे नाव लोक दोन्ही झाडांना लावतात, त्यामुळे नुसतं तेवढंच लिहिलं असतं तर मी काही बोलले नसते. पण शास्त्रीय नाव छापायचं असेल तर त्याची जबाबदारी घ्या. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ मध्येच ही दोन झाडं दोन नावांनी वेगळी केली आहेत, तुम्ही ती परत एकत्र करू नका.

विक्रेत्याला दोन्ही फुलांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो पाठवला. उत्तर लगेच आलं, तेही नम्रपणे: "ताई, पान बघा ना, कांचनच आहे." मी म्हटलं, दादा, पान सोडा, केसर मोजा. मग तासभर शांतता. संध्याकाळी मेसेज, की बियाणं ज्या झाडाचं होतं ते तपासतो, आणि तोवर दुसरं रोप फुकट पाठवतो. माणूस वाईट नाही, म्हणून दोनऐवजी तीन स्टार देतेय. पॅकिंगचे आणि रोपाच्या तब्येतीचे आहेत ते.

दुसरं रोप घेण्याआधी मी त्याच्या मातृवृक्षाचा फुलांसकट फोटो मागितला. चार दिवसांनी आला. फूल छान टिपलं होतं, अगदी जवळून. मोठा करून बघितला. केसर तीन.

रोप नको म्हणून कळवलंय. या फेब्रुवारीत वाटेवरचं झाड फुललं की पुढे त्याच्या शेंगा पिकल्यावर त्यातल्याच बिया आणून लावणार आहे.