प्रेडिक्ट ब्रेस्ट : शंभर आकृत्यांत दिसणारा उपचाराचा फायदा

मावशीच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर, आता केमो घ्यावी की हार्मोनच्या गोळ्यांवरच थांबावे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला आणि 'प्रेडिक्ट ब्रेस्ट' हे मोफत संकेतस्थळ उघडले. नंतर मी ते घरीही बराच वेळ वापरून पाहिले.

हे साधन केंब्रिजच्या संशोधकांनी तयार केले. त्यामागचे मूळ गणित इंग्लंडच्या ईस्ट अँग्लिया भागात १९९९ ते २००३ या काळात निदान झालेल्या ५,६९४ स्त्रियांच्या नोंदींवर उभे राहिले, तर कोणत्या उपचाराने मृत्यूचे प्रमाण किती घटते हे अनेक क्लिनिकल ट्रायलच्या एकत्रित निष्कर्षांवरून घेतले आहे. पुढे संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड स्पीगेलहाल्टर यांच्या, जोखमीची माहिती लोकांना समजेल अशी मांडणाऱ्या विंटन केंद्राने त्याची मांडणी नव्याने केली. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हाताशी ठेवून वय, गाठीचा आकार, ग्रेड (पेशी किती आक्रमक दिसतात), काखेतील किती ग्रंथींत रोग पोहोचला आहे, ईआर (गाठीच्या पेशींवर इस्ट्रोजेन हार्मोनचा परिणाम होतो का) आणि हर-२ (पेशी वाढवणाऱ्या एका प्रथिनाची चाचणी) यांचे निकाल भरले की पाच, दहा किंवा पंधरा वर्षांनंतर हयात असण्याचे अंदाज समोर येतात. ज्या उपचाराचा त्या रुग्णाला उपयोगच नाही, तो निवडताही येत नाही. ईआर निगेटिव्ह असल्यास हार्मोनचा पर्याय बंद होतो.

तेच उत्तर तक्ता, आलेख, स्तंभ, वाक्ये आणि शंभर जणींच्या शंभर छोट्या आकृत्या अशा निरनिराळ्या रूपांत पाहता येते, आणि माझ्या मते या साधनाचे खरे मोल इथेच आहे. डॉक्टरांची नजर आलेखावर होती. मावशीला मात्र तो खाली उतरणारा आलेख म्हणजे आपलीच तब्येत उतरत चालली आहे असे वाटले, आणि तिने मान फिरवली. शंभर आकृत्या आल्यावर ती पुढे सरकून बसली. केवळ शस्त्रक्रियेने किती जणी हयात असतील, गोळ्यांमुळे त्यांत किती जणींची भर पडेल, केमोमुळे आणखी किती, आणि किती जणी अन्य कारणांनी जातील, हे सर्व तिने बोटाने मोजून पाहिले.

हे मोजणे किती महत्त्वाचे आहे ते एका उदाहरणावरून सांगते. ईआर पॉझिटिव्ह रुग्णांत पाच वर्षे टॅमॉक्सिफेन ही हार्मोनची गोळी घेतल्याने पहिल्या पंधरा वर्षांत या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे मोठ्या ट्रायलच्या एकत्रित अभ्यासांतून दिसले आहे. ज्या गटात गोळीविना शंभरांतल्या तीस जणी दगावल्या असत्या, तिथे या एक तृतीयांशाचा अर्थ दहा जणी वाचल्या. ज्या गटात बाराच दगावल्या असत्या, तिथे चार. 'एक तृतीयांश' हा शब्द दोन्हीकडे तोच, पण चित्र निराळे, आणि निर्णय घेणाऱ्या बाईला हे चित्रच हवे असते. औषधाची माहिती देताना केवळ टक्क्यांतली घट सांगणे मला म्हणूनच अपुरे वाटते, मग ऐकणारा डॉक्टर असो वा रुग्ण.

मोजून झाल्यावर मावशीने विचारले, "अगं, या शंभरांत मी कुठली?" डॉक्टरांनी शांतपणे सांगितले की ते कोणालाच सांगता येत नाही, तिच्यासारख्याच शंभर जणींचे काय होईल, एवढेच हे चित्र सांगते. आकृत्यांखाली हे वाक्य ठळकपणे लिहिलेले असावे, असे मला मनापासून वाटते.

उणिवाही आहेत. फायदा शंभर आकृत्यांत दिसतो, पण केस गळणे, मळमळ, थकवा यांना त्याच शंभर आकृत्यांत जागा नाही. त्यामुळे तराजूचे एकच पारडे डोळ्यांसमोर राहते. मूळ नोंदी इंग्लंडमधील स्त्रियांच्या आहेत, हे आपल्याकडच्या रुग्णाला स्पष्ट सांगायला हवे. शस्त्रक्रियेआधी केमो झालेल्या किंवा रोग अन्य अवयवांत पसरलेल्या रुग्णांसाठी हे साधन नाही, म्हणून ते डॉक्टरांसोबत बसूनच उघडावे. आणि मराठी त्यात नाही. मावशीसाठी मी निकाल छापून घेतला आणि प्रत्येक रंगाच्या आकृत्यांशेजारी पेन्सिलने मराठीत लिहिले: 'ऑपरेशनने', 'गोळ्यांनी आणखी', 'केमोने आणखी'. तो कागद घेऊनच ती पुढच्या भेटीला गेली.