वोताकोई: ऑफिसातलं प्रेम आणि लपवलेले शौक, बेळगावातनं वाचताना

उद्यमबागेतल्या कुठल्याही कारखान्याच्या ऑफिसात काम केलं असेल तर तुम्हाला माहीतच असेल, दोन बिनलग्नाची माणसं चार-पाच दिवस एकाच वेळी चहाला उठली की पुढचं सगळं बाकीचे लोकच उरकून टाकतात, म्हणजे गाव कुठलं, मामा कोण, शेती किती, सगळी चौकशी होऊन मोकळे, त्या दोघांना अजून पत्तासुद्धा नसतो. त्यामुळे ऑफिसातल्या प्रेमावरची जपानी कॉमिक म्हटल्यावर मी जरा नाक मुरडूनच हातात घेतली. शाळकरी पोरापोरींच्या मांगा, म्हणजे असल्याच जपानी कॉमिक, वाचून कंटाळा आला होता हे पण खरं, तीच शाळेची गच्ची, तीच जत्रेतली फटाक्यांची रात्र, आणि तिशीला टेकलेल्या माणसानं ते किती दिवस वाचायचं.

तर ही वोताकोई. लेखिकेचं टोपणनाव फुजिता. २०१४ मध्ये पिक्सिव्ह या चित्रकारांच्या साइटवर तिनं सहज टाकायला सुरुवात केली, २०१५ पासून पुस्तकं निघायला लागली आणि २०२१ मध्ये गोष्ट संपली, जपानीत एकूण ११ खंड. इंग्लिशमध्ये कोडान्शा या प्रकाशकानं दोन-दोन खंड एकत्र बांधून ६ जाड पुस्तकं केलीत, माझ्याकडं तीच आहेत. म्हणजे मालिका पूर्ण आहे, पुढचा भाग कधी येणार म्हणून लटकत बसायला नको.

गोष्ट साधी आहे. नारुमी मोमोसे, वय २६, नवीन नोकरीवर रुजू होते आणि तिथं तिला लहानपणचा दोस्त हिरोताका भेटतो, भेटल्या भेटल्या तो बाबा सगळ्यांच्या समोर तिच्या छंदाचा विषय काढतो. झालं, हिची वाचाच बंद. कारण आधीच्या ऑफिसातल्या बॉयफ्रेंडला हिचे शौक कळले आणि त्यानं हिला सोडलं, म्हणून तर हिनं नोकरी बदललेली. शौक काय, तर ही फुजोशी, म्हणजे पुरुष-पुरुषांच्या प्रेमकथा आवडीनं वाचणारी, नुसती वाचणारी नाही तर स्वतः तसली कॉमिक काढून टोकियोच्या कॉमिकेटमध्ये टेबल मांडून विकणारी. कॉमिकेट म्हणजे हौशी लोकांच्या स्वतः छापलेल्या कॉमिकचा मोठा बाजार, वर्षातनं दोनदा, ऑगस्ट आणि डिसेंबरात. हिरोताका पक्का गेमर, जेवताना गेम, चालताना गेम. तो तिला काय म्हणतो, तर माझ्याशी जमव, मी गेममध्ये तुझी लेव्हल वाढवायला मदत करीन आणि कॉमिकेटला तुझ्या टेबलावर बसीन. गुलाब नाही, गुडघा नाही, काही नाही. ती पण लगेच हो म्हणते.

मला आवडलं ते इथंच. बाकीच्या गोष्टी जिथं संपतात तिथं ही पहिल्याच प्रकरणात येऊन पोचते, जमणार का नाही जमणार हा घोळच ठेवला नाही. आणि प्रेमात पडल्यावर माणूस सुधारतो, चष्मा काढतो, गेम सोडतो, शहाण्यासारखा वागायला लागतो, असलं काही होत नाही. पगार होतो, पगार गेमवर जातो, ओव्हरटाइम असतो, दोघं एका खोलीत बसून आपापलं काहीतरी करत असतात आणि तेच त्यांचं सुख. आपल्याकडं लग्न ठरलं की पहिला सल्ला हाच मिळतो की आता ते कार्टून वाचणं वगैरे बंद कर हं. आमच्या आईनं तर मला पुस्तक शेवटच्या पानापासनं उघडताना बघून विचारलं, "उलटं धरून काय वाचूलीस गं?" उजवीकडनं डावीकडं वाचायचं असतं हे तिला सांगितलं, तिला काही पटलं नाही.

एक प्रकरण मुद्दाम सांगते. नारुमीच्या डोक्यात येतं की आपण कधी साध्या माणसांसारखी डेट केलीच नाही, मग ती दोघं अम्युझमेंट पार्कला जातात आणि अट अशी की आज मांगा, गेम, अॅनिमे (जपानी कार्टून मालिका) यांचा एक शब्द काढायचा नाही, जो बोलेल त्यानं दंड भरायचा. तिथं प्रत्येक गोष्ट बघून दोघांच्या तोंडावर काहीतरी येतं आणि दोघं गिळतात. हसून पुरेवाट होते, पण मजा पुढं आहे. बोलायचं बंद झाल्यावर कळतं की ह्यांना एकमेकांशी दुसरं काही बोलायची सवयच नाही, आणि हिरोताकाच्या मनात धाकधूक की हिला असला साधा बॉयफ्रेंड पाहिजे असेल तर आपण त्यात बसत नाही. हा माणूस अख्ख्या मालिकेत एकच चेहरा घेऊन फिरतो, भुवई हलली तर नशीब, तरी फुजिता तेवढ्यात काम भागवते, कुठं चष्म्याची काच कोरी ठेवते, कुठं नुसती मान खाली. त्या चित्रांसाठी मी ते प्रकरण परत परत काढून बघते.

पण खरं सांगू का, माझी जोडी ती नाहीच. माझी जोडी कोयानागी आणि काबाकुरा, ऑफिसातलेच दोघं सीनियर. शाळेत ती मुलींच्या व्हॉलीबॉल टीमची कॅप्टन आणि हा मुलांच्या, तेव्हापासनं जे भांडताहेत ते अजून भांडताहेत. ती कॉस्प्ले करते, म्हणजे मांगा-गेममधल्या पात्रांचा वेष घालते, ते पण पुरुष पात्रांचा, आणि तयार झाली की इतकी रुबाबदार दिसते की नारुमी पार वेडी होते. हे वाचताना मला आपल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आठवली, रात्रभर गल्लीतली पोरं दाढी चिकटवून, जिरेटोप घालून ट्रॉलीवर उभी असतात आणि सकाळी तीच पोरं दुकानाच्या काउंटरवर. वेष घातल्यावर माणसाची उभं राहायची पद्धतच बदलते, ते फुजितानं बरोबर पकडलंय. काबाकुराला हे सगळं आवडत नाही असं तो म्हणतो आणि स्वतः मात्र हिरोंच्या मांगा आणि सुंदर पोरींची चित्रं जमवणारा, म्हणजे चोर तो चोर वर शिरजोर. पुढं हिरोताकाचा धाकटा भाऊ नाओया येतो, त्याला गेममधलं ओ की ठो कळत नाही, आणि को नावाची एक लाजाळू गेमर मुलगी, जिला तो मुलगाच समजून बसतो. हा धागा गोड आहे पण जरा ताणलाय.

आता तक्रारी. ऑफिस ऑफिस म्हणतात पण ही कंपनी नक्की करते काय हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, फायली आहेत, कॉम्प्युटर आहेत, ओव्हरटाइम आहे, पण कुणाचं बिल अडकलंय, कुणाचा माल परत आलाय, साहेब कुणावर भडकलाय, असलं काही नाही. मी डिस्पॅचला बसते, सुपरवायझरशी कन्नड, ड्रायव्हरशी हिंदी, मेल इंग्लिश आणि फोन ठेवला की शेजारणीशी मराठी, एकाच खुर्चीत बसून इतकी सोंगं घ्यायची सवय असलेल्या माणसाला लपवाछपवीची ती गंमत लगेच कळते, म्हणून तर ते ऑफिस आणखी दाखवायला पाहिजे होतं असं वाटत राहतं. दुसरं म्हणजे आई-बाप. २६-२७ ची पोरं, उघड उघड जोड्या जमल्यात आणि घरातनं एक फोन नाही की काय ठरवलंस म्हणून? त्या कॉमिकेटपेक्षा मला हीच गोष्ट जास्त परग्रहावरची वाटली, आमच्याकडं खानापुरातल्या मावशीला आधी कळलं असतं. आणि मधल्या खंडांत गोष्ट जागच्या जागी फिरते, परत दारू, परत गेमची रात्र, परत काबाकुराची आरडाओरड. एका दमात वाचू नका, रात्री झोपताना एक प्रकरण पुरे, म्हणजे कंटाळा येत नाही.

विनोदांचं पण एक आहे. अर्धे विनोद जुन्या गेम आणि मांगांवर आहेत, मागच्या पानांवर टिपा दिल्यात आणि त्या चांगल्या आहेत, पण हसायच्या आधी मागं जाऊन बघून यायचं म्हणजे हसू निम्मं होतं. मी टिपा नंतर सगळ्या सलग वाचल्या, ते जास्त बरं पडलं. पुस्तक जाड असल्यामुळे मधल्या शिवणीजवळचे शब्द आत जातात, आणि फुग्याच्या बाहेर बारीक अक्षरात जे शेरे असतात ते संध्याकाळी ट्यूबलाइटखाली वाचायला डोळे ताणावे लागतात, आणि खरी चावट वाक्यं नेमकी तिथंच असतात.

अॅनिमे पण आहे, २०१८ चं, ए-वन पिक्चर्सचं, ११ भाग, आणि ते खरंच छान जमलंय, कोयानागी-काबाकुराची भांडणं आवाजात ऐकायला जास्त मजा येते. पण त्यात सुरुवातीचाच भाग आहे. २०२० मध्ये खऱ्या नटांचा सिनेमा पण काढला, त्यात गाणी घातलीत, मी अर्धा बघून बंद केला.

घ्यायचं कुठं? आपल्याकडं दुकानात मांगा मागितली की स्पर्धा परीक्षेच्या गठ्ठ्यामागनं लहान मुलांचं चित्रं रंगवायचं पुस्तक काढून देतात, तेव्हा ऑनलाइनच. एका पुस्तकाला हजाराच्या आसपास पडतात, दोन खंड एकत्र आहेत म्हटल्यावर ठीक आहे. माझं एक कोपरा दुमडून आलं, नुसत्या पातळ पिशवीत घालून पाठवलेलं, फोटो टाकल्यावर बदलून मिळालं पण चार मेल करावे लागले, त्यामुळे पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा. आधी एकच घ्या, पहिलं, त्यात चौघं पण येतात आणि तुम्हाला झेपतंय का ते कळतं. घरच्यांच्या हाताला लागलं तरी घाबरू नका, नारुमीच्या आवडीचे उल्लेख भरपूर असले तरी उघडंवाघडं काही नाही, ह्या दोघांना साधा हात धरायला सुद्धा किती पानं लागतात ते तुम्हीच बघा.