सागवान गेलं, सनमायका आली

आमच्या फडताळाची दारं टेम्पोत चढवायला मीच हात लावला. वर टेम्पोचं भाडं म्हणून 1,500 रुपयेही मीच दिले. हे सांगताना अजून कान गरम होतात. पण आमच्या बेळगावच्या शहापुरातच आणखी दोन घरांत, आमचं स्वयंपाकघर करायला घेतलेला तोच गृहस्थ माप घेऊन गेल्याचं परवा कळलं, म्हणून सगळं लिहिते आहे.

घर सासऱ्यांनी 1968 साली बांधलेलं. स्वयंपाकघर तेव्हापासून तसंच. कडप्प्याचा ओटा, कोपऱ्यात मोरी, खाली लाल कोबा, भिंतीत जाळीच्या दारांचं सागवानी फडताळ. ओट्याची कड झिजलेली, भिंतीला तेलकट डाग, आणि नळ टिपटिप गळायचा. मुलगी पुण्याला असते, तिने मोबाईलवर फोटो दाखवले. पिस्ता रंगाची कपाटं, काळ्या-पांढऱ्या चौकड्यांची जमीन, नक्षीच्या टाइल्स, पितळी नळ. ह्याला म्हणे रेट्रो म्हणतात. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांनी चष्मा लावून फोटो बघितले आणि म्हणाल्या, "जाळीचं कपाट तर आपल्यातबी हाय की." आम्ही हसलो.

भिशी लागली होती, हातात 85 हजार होते. ह्यांच्या उद्यमबागच्या फौंड्रीत ओव्हरटाइम बंद झालेला, त्यामुळे वर एक रुपया घालायची सोय नव्हती.

गल्लीच्या तोंडाशी एक कानडी मेस्त्री आहेत. त्यांनी फडताळावर बोटाने टकटक केलं आणि मोडक्या मराठीत म्हणाले, हे ठेवा, पॉलिश करून देतो, ओट्याखाली नवीन करू. मला वाटलं, ह्यांना नवीन काम जमत नसणार. आठवड्याने एका लग्नात तो गृहस्थ भेटला. खानापूरकडचा, तोंडात साखर, "वहिनी, आपल्या माणसाला फसवून मी कुठं जाऊ?" आमच्या सीमाभागात समोरचा मराठी बोलला की निम्मा व्यवहार तिथेच पक्का होतो. आम्हीही तेच केलं. अंदाज त्याने कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिला. बिल मागितलं तर, "जीएसटी लावून तुमचेच 18 टक्के वाढतील वहिनी." 40 हजार आगाऊ दिले, फोनवरून, त्याच्या भावाच्या खात्यात. त्याच्या स्वतःच्या का नाही, हे विचारायचं सुचलंच नाही.

पहिल्याच दिवशी त्याने फडताळाचा एक कोपरा उकरून वाळवी दाखवली. "हे घरात ठेवलंत तर नवीन कपाटंही खाईल." दोन दारं, चौकट, आतल्या पाच फळ्या, मोरीवरचे दोन पितळी नळ, सगळं 'भंगार' म्हणून गेलं. नंतर कानडी मेस्त्रींनी रिकामी भिंत बघून पहिला प्रश्न तोच केला, "बागला यारिगे कोट्ट्री, अक्का?" दारं कुणाला दिलीत? त्यांचं म्हणणं, दांडेलीकडचं जुनं सागवान, पन्नास वर्षं मुरलेलं, आज घनफुटाला तीन हजारांच्या पुढे जातं. कोपऱ्यातली वाळवी मागच्या पट्टीत होती, ती पट्टी साध्या लाकडाची. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही.

मग टाइल्स. तमिळनाडूतल्या चेट्टिनाडहून हाताने केलेल्या अथंगुडी टाइल्स मागवतो म्हणाला, त्याचे 14 हजार वेगळे. आल्या त्या दिसायला सुरेख. खऱ्या सिमेंटच्या टाइल्स काचेवर रंग ओतून करतात, भट्टीत भाजत नाहीत. त्या जाड असतात, पाऊण इंचाच्या आसपास, पाठ करड्या सिमेंटची खरखरीत, आणि रंगाचा थर आतपर्यंत गेलेला. आमच्या टाइल्सची पाठ तांबूस, तिच्यावर उभ्या रेघा आणि कुठल्याशा कंपनीचा शिक्का. फुटलेल्या तुकड्याची कड बघितली तर नक्षी म्हणजे वरवरची छपाई, कागदासारखी. एक टाइल उलटी करून बघायला किती वेळ लागतो? मी बघितली ती महिन्याने.

सगळ्यात जास्त जिवाला लागलं ते कोब्याचं. आत्तींनी वर्षानुवर्षं खोबरेल तेलाचा हात फिरवून तो आरशासारखा केलेला. टाइल्स धराव्यात म्हणून त्याने पोरं लावून सगळा कोबा छिन्नीने टाचून घेतला. टाचा मारलेला कोबा परत जोडता येत नाही, त्याला नवीन थरच द्यावा लागतो. छिन्नीचा आवाज सुरू होता तेव्हा आत्ती देवघरात जाऊन बसल्या होत्या. मी त्यांना चहा नेऊन दिला, एवढंच.

कपाटं उभी राहिली, पिस्ता सनमायका लागली. प्लाय मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, म्हणून चौरस फुटाला 115 रुपये लावले होते. आषाढात पाऊस लागला आणि मोरीजवळचं दार फुगून बंद होईना. कानडी मेस्त्रींनी आतून एक तुकडा कापला, म्हणाले, "हे मरीन अल्लरी अक्का. उकळून बघा." अल्लरी म्हणजे नव्हे. मरीन प्लाय, म्हणजे आयएस 710 ह्या भारतीय मानकाचा प्लाय, तीन दिवस तीन रात्री उकळला तरी थर सुटता कामा नयेत. आमचा तुकडा भाताच्या पातेल्यात घातला. वरणाला फोडणी होईपर्यंत त्याची पुस्तकासारखी पानं झाली होती. फळीवर 710 चा शिक्का होता, पण शाईचा, आणि आयएसआय चिन्हाबरोबर जो सीएम/एल ने सुरू होणारा परवाना नंबर असतो तो नव्हताच. तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकला की कुणाचा परवाना, चालू आहे की संपलेला, हे दिसतं. फळ्या दारात उतरतात तेव्हाच बघा, सनमायका चिकटल्यावर काही दिसत नाही.

तोवर गृहस्थाचा फोन लागेनासा झाला होता. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. पण दुकान नाही, पाटी नाही, बिल नाही, तर ती पोचवायची कुणाकडे? ओळखीच्या वकिलांनी धीर दिला. म्हणाले, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही, दोन वर्षांत तक्रार देता येते, आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं नि पैसे पाठवल्याची नोंद हाही पुरावाच. तेवढं मी त्याला मेसेजवर कळवलं. दुसऱ्या दिवशी 12 हजार परत आले, ह्या वेळी तिसऱ्याच नावाच्या खात्यातून. दारांचं विचारलं तर उत्तर आलं, "ती मोडीत गेली वहिनी." कुठल्या मोडीत, ते सांगितलं नाही. गेलेले एकूण 55,500, आलेले 12,000. बाकीसाठी कागद जुळवते आहे. कॅलेंडरचं पान तेवढं जपून ठेवलंय.

तो गृहस्थ तुमच्याकडे आलाच तर त्याला दारात उभं करू नका, असं मी म्हणणार नाही. त्याच्या हातून झालेलं एखादं जुनं काम दाखवायला सांगा, आणि ते पावसाळा उलटल्यावर बघा. घरातून काही बाहेर जाणार असेल तर ते आधी दुसऱ्या सुताराला दाखवा, मग तो कुठलीही भाषा बोलो.

आता गल्लीतले मेस्त्रीच थोडं थोडं करून देताहेत. फडताळाच्या जागी सध्या आत्तींच्या जुन्या इरकली लुगड्याचा पडदा आहे. संध्याकाळी त्या पडदा सारून चहाचा डबा काढतात, परत ठेवतात, आणि सवयीने कडी लावायला हात वर नेतात.